टॉवेल सोलापूरचा आहे, हे दुबईच्या कस्टम्सला कळणार कसं?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांनी सहा मागांवर सुरू केला, आज चोवीस माग आहेत. मिस्टर गेल्यापासून मी आणि मुलगा मिळून बघतो. तीन वर्षांपासून दुबईच्या एका व्यापाऱ्याला थेट माल पाठवतो. मागचा कंटेनर साधारण ३८ लाखांचा होता. आता तो म्हणतो, "मला ५ टक्के ड्युटी भरावी लागली, पुढच्या ऑर्डरीत तेवढा भाव कमी करा." भारताचा त्यांच्याशी करार झालाय ना? मग ड्युटी कशी लागली? आमच्या एजंटने सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनही काढून दिलं होतं. त्याची आणि बिलाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

दुसरं, मेलबर्नहून एका दुकानदाराची विचारणा आली आहे. तिथे काही सवलत मिळते का?

तिसरं लिहायला जड जातंय. हाच दुबईचा व्यापारी म्हणतो, चीनहून टेरी कापडाचे तागे स्वस्तात मिळतात, ते तुमच्याकडे पाठवतो. तुम्ही फक्त कापून, कडा शिवून, सोलापूरचं लेबल लावून माझ्याकडे पाठवा. ड्युटी वाचेल, ती निम्मी-निम्मी. मुलगा म्हणतो, शिवण तर आपणच घालणार, यात वाईट काय? मला रात्री झोप लागत नाही.

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

नमस्कार. झेरॉक्स जोडलीत ते फार बरं केलंत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्टिफिकेटच्या त्या एका पानावरच आहे.

सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन या नावाचे दोन वेगळे कागद असतात. एक नॉन-प्रेफरेन्शियल. तो एवढंच सांगतो की माल भारतात तयार झाला. व्यापारी संस्था, चेंबर वगैरे तो देतात. बँकेला लागतो, खरेदीदाराला लागतो, काही देशांत माल सोडवायला लागतो. ड्युटी मात्र त्याने एक पैसाही कमी होत नाही. दुसरा प्रेफरेन्शियल. तो एका ठरावीक कराराखाली काढलेला असतो, त्यावर त्या कराराचं नाव असतं, आणि करारात लिहिलेल्या कोणत्या नियमाने हा माल भारतीय ठरतो तेही एका रकान्यात लिहिलेलं असतं. तुमच्या सर्टिफिकेटवर एका व्यापारी संस्थेचा शिक्का आहे, कराराचं नाव कुठेच नाही, नियमाचा रकानाही नाही. म्हणजे एजंटने पहिल्या प्रकारचा कागद काढून दिला. तुमच्या व्यापाऱ्याच्या माणसाने तो कस्टम्सपुढे ठेवला, आणि त्यांनी नेहमीची ५ टक्के ड्युटी लावली. त्यांच्या बाजूने त्यांनी काही चुकीचं केलेलं नाही.

एजंटवर चिडू नका असं मी म्हणणार नाही. तुम्ही पैसे देता, त्याने विचारायला हवं होतं. पण न्हावा-शेव्यात अठरा वर्षं मी हेच काम केलं आहे, आणि हा घोटाळा मी इतक्या वेळा पाहिला आहे की सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव अशी नावं पत्त्यात दिसली की मी आधी हाच कागद मागते. एजंटला तुम्ही "सीओओ काढा" म्हणता (सीओओ म्हणजे हेच सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन), तो त्याच्या सवयीचा सीओओ काढतो. यापुढे लेखी सांगा: भारत-युएई सेपाखालचा प्रेफरेन्शियल सीओओ हवा. सेपा म्हणजे भारत आणि संयुक्त अरब अमिराती (युएई) यांच्यातला व्यापार करार.

आता करार. संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या करारावर १८ फेब्रुवारी २०२२ ला सह्या झाल्या आणि तो १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यांच्या टॅरिफच्या, म्हणजे ड्युटीच्या दरपत्रकाच्या, ९७ टक्क्यांहून जास्त ओळींवर भारतीय मालाला सवलत आहे, आणि मूल्याच्या हिशेबाने आपल्या सुमारे ९० टक्के निर्यातीवर पहिल्याच दिवसापासून शून्य ड्युटी झाली. तुम्ही तीन वर्षांपासून माल पाठवताय. म्हणजे तुमचा पहिला कंटेनर गेला तेव्हाही सवलत होती. ती कुणी मागितली नाही, म्हणून मिळाली नाही. ही सवलत आपोआप लागत नाही. कागद तुम्ही तयार करायचा, आणि तो पुढे करून सवलत तुमच्या व्यापाऱ्याने माल सोडवताना मागायची. दोघांपैकी एकानेही आपला भाग केला नाही तर नेहमीची ड्युटी लागते.

पुढे जाण्याआधी त्या व्यापाऱ्याकडून एक गोष्ट मागवा: कस्टम्सला भरलेल्या घोषणेची प्रत. फोनवरचं बोलणं नको. युएईत कस्टम्स ड्युटी ५ टक्के आणि १ जानेवारी २०१८ पासून व्हॅटही ५ टक्केच, त्यामुळे "मी ५ टक्के भरले" या वाक्याचे दोन अर्थ निघतात. शंभराचा माल असेल तर ड्युटीसकट तो १०५ होतो, त्यावर व्हॅट लागून ११०.२५. तुमचा बरोबर कागद असेल तर ड्युटी शून्य, पण व्हॅट राहतोच, माल १०५ ला पडतो. व्हॅट कुठल्याही करारात माफ होत नाही, आणि व्हॅटची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला तो बहुधा पुढे वळताही करता येतो. त्याने भरलेले ५ टक्के व्हॅटचे असतील तर तुमच्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

तिसरीही शक्यता आहे. त्याचं गोदाम कुठे आहे? दुबईच्या जेबेल अली बंदराजवळच्या फ्री झोनमध्ये असेल, आणि तिथून तो माल आफ्रिकेत किंवा दुसऱ्या आखाती देशात पाठवत असेल, तर युएईची ड्युटी त्याला लागतच नाही. माल फ्री झोनमधून देशाच्या आतल्या बाजारात उतरतो तेव्हाच लागते. असे व्यापारी भाव पाडायला ड्युटीचं कारण पुढे करतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. तुमचा तसा असेलच असं मी म्हणत नाही, पण घोषणेची प्रत आली की सगळं उघड होईल. आणि तो माल सौदीला पाठवत असेल तर सेपाचा कागद तिथे चालणार नाही. हा करार एकट्या अमिरातीशी आहे, सगळ्या आखाती देशांशी नाही.

समजा त्याने खरोखर ड्युटी भरली आहे. ३८ लाखांवर ५ टक्के म्हणजे १ लाख ९० हजार, आणि तिथे ड्युटी भाडं-विमा धरून लावतात, म्हणून थोडे जास्तच. बहुतेक करारांत माल गेल्यानंतरही प्रमाणपत्र मिळतं. त्यावर ते मागाहून दिल्याची नोंद असते, आणि त्यासाठी एक वर्षाच्या आसपास मुदत असते. म्हणून आधी मागच्या कंटेनरसाठीच अर्ज करा. त्याला सांगा, "कागद देते, तुझ्या माणसाला विचार की भरलेली ड्युटी परत मागता येते का." प्रयत्न करायचाच, तोही याच आठवड्यात, कारण मुदत कंटेनर निघाला त्या दिवसापासून धावते आहे.

पुढच्या ऑर्डरीत ५ टक्के कमी करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. बरोबर कागद असेल तर पुढच्या मालावर त्याला ड्युटीच लागणार नाही. तरी तुम्ही भाव ५ टक्क्यांनी उतरवलात तर ड्युटीही वाचली आणि भावही मिळाला, असं दोन्ही त्याच्याच खिशात. आणि एकदा उतरलेला भाव टॉवेलच्या धंद्यात परत चढत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. ड्युटी भरतो आयातदार, म्हणून वाचलेली ड्युटी आधी त्याच्याच हातात पडते. त्यातला वाटा तुमच्याकडे यायचा तो फक्त बोलणीतून. तुम्ही म्हणू शकता: "यापुढे प्रत्येक कंटेनरबरोबर सेपाचा कागद देईन. तुझी ५ टक्के ड्युटी वाचेल. माझा भाव तोच राहील, आणि सुताचे दर वाढले तर दीड-दोन टक्के वाढवून दे." हे त्यालाही परवडतं, कारण चीनचा टॉवेल घेतला तर त्याला ड्युटी भरावीच लागेल. एवढं वजन तुमच्या बाजूला आहे, आणि आजवर तुम्ही ते वापरलेलं नाही.

आता कागद काढायचा कसा, आणि तो कशावर उभा राहतो, हे जरा सविस्तर सांगते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच्यातूनच निघणार आहे.

सुरुवात एचएस कोडपासून, म्हणजे कस्टम्स ज्या आकड्यांनी माल ओळखतं त्यापासून. पहिले सहा आकडे जगभर एकच असतात, पुढचे दोन आपल्या देशाचे. सुती टेरी टॉवेल ६३०२ ६० मध्ये येतो. तुमच्या बिलावर वॅफल नॅपकिनही दिसतात. ते टेरी नाहीत, त्यांना लूप नसतात, म्हणून ते ६३०२ ९१ मध्ये जातात. तुमच्या बिलात दोन्ही एकाच कोडखाली घातलेत. हे दुरुस्त करा. एकदा बिलावर एक कोड आणि प्रमाणपत्रावर दुसरा, एवढ्याशा फरकाने एका निर्यातदाराचा कंटेनर अकरा दिवस बंदरात पडून राहिलेला मी पाहिला आहे. ती तपासणी माझ्याकडे होती. डॅमरेजची, म्हणजे बंदरात माल पडून राहिल्याच्या दंडाची, रक्कम ऐकून त्या माणसाचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून बिल, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि प्रमाणपत्र हे चार कागद शेजारी-शेजारी ठेवून, कोड, वजन, खोक्यांची संख्या आणि नावाचं स्पेलिंग बोट ठेवून वाचल्याशिवाय मी काही पुढे पाठवत नाही.

कोड ठरला की कराराच्या परिशिष्टात त्या कोडपुढचा नियम वाचायचा. त्यालाच रूल्स ऑफ ओरिजिन म्हणतात. प्रत्येक कराराचे नियम वेगळे, पण त्यांचा साचा ओळखता येतो. पहिला प्रकार, माल पूर्णपणे इथेच पिकलेला: नाशिकची द्राक्षं, रत्नागिरीचा आंबा. तिथे प्रश्नच नाही. दुसरा, बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा एचएस कोड इथल्या प्रक्रियेने बदलला पाहिजे. कुठे पहिले दोन आकडे बदलायला लागतात, कुठे चार, कुठे सहा. तिसरा, मालाच्या किमतीत भारतातला वाटा अमुक टक्के हवा. आग्नेय आशियातल्या आसिआन देशांशी असलेल्या करारात सर्वसाधारण नियम ३५ टक्के आणि सोबत सहा आकड्यांवर कोडबदल असा आहे. युएईच्या करारात ४० टक्के हा आकडा जास्त भेटतो. काही मालाला दोन्ही अटी एकदम लागतात.

तुमच्या टॉवेलचं काय? कापूस ५२०१, सूत ५२०५, टेरी कापड ५८०२, टॉवेल ६३०२. तुम्ही सूत आणता, ताणा-बाणा करता, मागावर लूप उठवता, रंगवून घेता, कापता, शिवता. सूत कोइमतूरचं असो की आपल्याकडच्या गिरणीचं, ते भारतातच कातलेलं आहे. म्हणजे सरकी काढलेल्या कापसापासून शेवटच्या शिवणीपर्यंत सगळं काम इथलं. तुमच्याकडे परदेशातून काय येतं? रंगाचा काही भाग, आणि कदाचित लेबलची सॅटिन पट्टी. एक किलो टॉवेलचा एफओबी भाव (जहाजावर चढवेपर्यंतचा) ४०० रुपये धरा आणि बाहेरून आलेल्या रंग-लेबलचे १५ रुपये. ४०० तून १५ वजा, उरले ३८५, म्हणजे ९६ टक्क्यांहून जास्त भारतीय. नियम ३५ चा असो की ४० चा, तुमचा टॉवेल डोळे मिटून पास होतो. गिरणीने सूत इजिप्तच्या लांब धाग्याच्या कापसाचं कातलं असेल तरी कापसाचं सूत, सुताचं कापड आणि कापडाचा टॉवेल असा कोड तीनदा बदलतो. फक्त अशा वेळी तुमच्या कोडपुढचा नियम सुतापासूनची अट घालतो की कापसापासूनची, ते एकदा शब्दशः वाचून घ्या.

तुम्ही खरे आहात, पण ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. एक फाईल करा. सुताची बिलं, ज्यांवर गिरणीचं नाव आणि कोड असेल. "हे सूत भारतात कातलेलं आहे" असं गिरणीच्या लेटरहेडवर एक पत्र. ते मागितलं की मिळतं, बहुतेक गिरण्यांकडे नमुना तयार असतो. डाईंगला बाहेर माल देता त्याची जॉबवर्कची चलनं. मागांचा उत्पादनाचा रजिस्टर. आणि एका टॉवेलची किंमत कशी बनते त्याचा तक्ता: सूत, रंग, मजुरी, वीज, पॅकिंग, नफा. कांड्या भरणाऱ्या बायकांची मजुरीही त्यात लिहा. ती भारतातली भर आहे, आणि ती हिशेबात दिसलीच पाहिजे. ही फाईल पाच वर्षं टाकायची नाही.

मग अर्ज. प्रमाणपत्रं आता डीजीएफटीच्या, म्हणजे विदेशी व्यापार महासंचालनालयाच्या, ऑनलाइन यंत्रणेतून निघतात. आयईसी (आयात-निर्यात कोड) तुमच्याकडे आहेच, डिजिटल सही नसेल तर करून घ्या. आधी मालाची नोंद करून किमतीचा तक्ता भरायचा, मग प्रत्येक खेपेला बिल, पॅकिंग लिस्ट वगैरे जोडून अर्ज करायचा. देणारी संस्था निवडावी लागते. कापडाच्या मालासाठी वस्त्र समिती म्हणजे टेक्स्टाइल्स कमिटी हा सरळ पर्याय आहे, डीजीएफटीचं कार्यालयही चालतं. प्रमाणपत्रावर क्यूआर कोड येतो, समोरचा कस्टम्स अधिकारी तो तपासून पाहू शकतो. पहिल्या अर्जाला तुमचे दोन दिवस जातील, दहाव्याला अर्धा तास. हे एजंटवर सोडू नका, मुलाला शिकू द्या. लॉगिन आणि डिजिटल सहीचं टोकन स्वतःच्या कपाटात ठेवा. दुसऱ्याच्या हातात तुमची सही म्हणजे काय, हे सांगायला नको.

बाकी दोन गोष्टी पटकन. माल शक्यतो थेट जायला हवा. वाटेत कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदललं तरी हरकत नाही, पण तिथे मालाला हात लागलेला नसावा आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती) शेवटच्या बंदरापर्यंतचं एकच असावं. आणि आरओएससीटीएल, ड्रॉबॅक या इथल्या परताव्यांचा या सगळ्याशी संबंध नाही. ते सरकार तुम्हाला देतं, ही सवलत समोरचा देश तुमच्या खरेदीदाराला देतो. दोन्ही घ्या.

मेलबर्नच्या माणसाला लगेच उत्तर पाठवा. ऑस्ट्रेलियाशी करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे, तिथली कापडी मालावरची नेहमीची ड्युटी ५ टक्के, आणि तुमच्यासारख्या मालाला करारात शून्य. त्यांचा जीएसटी १० टक्के, तो राहतोच. पण युएईसारखा फायदा तिथे धरू नका. चीन आणि ऑस्ट्रेलियाचा करार २०१५ पासूनचा आहे, बांगलादेशच्या मालालाही तिथे ड्युटी नाही. म्हणजे तिथल्या दुकानात तुमच्या टॉवेलशेजारी जे टॉवेल असतील ते आधीपासूनच शून्यावर आहेत. तुमच्या कागदाने तुम्ही त्यांच्या बरोबरीला याल, पुढे जाणार नाही. तिथे दोन पैसे जास्त मागायचे तर ते मालाच्या जोरावरच: पाणी शोषून घेण्यावर, धुतल्यावर रंग टिकण्यावर, सोलापूरच्या नावावर. 'सोलापूर टेरी टॉवेल'ला भौगोलिक मानांकन आहे हे त्या दुकानदाराला सांगितलंत का? परदेशातल्या मराठी माणसाच्या घरात सोलापुरी टॉवेल आणि चादर या नुसत्या वस्तू नसतात, हे त्या दुकानदाराला माहीत नसेल, तुम्हाला माहीत आहे.

आणि ऐका, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत ड्युटी चढवल्यापासून सगळेच नव्या बाजारांच्या मागे लागलेत आणि रोज कुणीतरी नवा करार झाल्याची बातमी पाठवतं. सही झाली म्हणजे सवलत सुरू झाली असं समजून भाव देऊ नका. युएईच्या करारात सही ते अंमल अडीच महिन्यांचं अंतर होतं. ऑस्ट्रेलियाच्या करारावर २ एप्रिल २०२२ ला सही झाली आणि तो वर्ष संपता संपता लागू झाला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन या गटाच्या करारावर १० मार्च २०२४ ला सह्या झाल्या आणि लागू झाला १ ऑक्टोबर २०२५ ला. इंग्लंडच्या करारावर २४ जुलै २०२५ ला सही झाली. तिकडचा खरेदीदार भेटला तर माल तिथे पोचेल त्या दिवशी करार लागू असेल का, आणि तुमच्या कोडवर ड्युटी एकदम शून्य होते की वर्षावर्षाने उतरते, हे पाहूनच भाव लिहा.

आता ते तागे.

तुमच्या मुलाचा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. "शिवण तर आपणच घालणार" हे म्हणणं वरवर खोटं नाही. कोडाच्या हिशेबानेही टेरी कापड ५८०२ आणि शिवलेला टॉवेल ६३०२, म्हणजे कोड बदललाच की. हीच पळवाट दाखवून तो व्यापारी तुम्हाला ओढतो आहे. पण नियम तिथे थांबत नाहीत. टॉवेलचा भाव ४०० आणि त्यातलं चिनी कापड ३०० चं असेल तर भारतातला वाटा २५ टक्के. ४० सोडा, ३५ लाही पुरत नाही. शिवाय जवळजवळ प्रत्येक करारात एक यादी असते: नुसतं कापणं, इस्त्री करणं, घड्या घालणं, लेबल लावणं, पॅक करणं अशा कामांनी मालाचा देश बदलत नाही. त्या व्यापाऱ्याने तुमच्याकडून मागितलेल्या कामांची आणि त्या यादीची तुलना करून बघा.

म्हणजे त्या टॉवेलवर तुम्ही प्रमाणपत्र काढाल तेव्हा ऑनलाइन अर्जात चुकीचा तक्ता भरून, तुमच्या डिजिटल सहीने, खोटं लिहाल. व्यापारी कुठेच सही करणार नाही. उद्या दुबईच्या कस्टम्सला शंका आली तर ते इथे तपासणी मागू शकतात, आणि इथून माणूस तुमच्या कारखान्यात येऊन सुताची बिलं आणि माग पाहू शकतो. निघालेल्या टॉवेलच्या वजनाएवढं सूत बिलात नाही, हे कळायला त्याला एक दुपार पुरेल. आयईसी निलंबित झाली तर चोवीस मागांवरचा खरा मालही बाहेर जाणार नाही. आणि चिनी कापडावर 'सोलापूर' हे लेबल लावणं म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याखाली गुन्हा. ते नाव एका कारखान्याचं नाही, सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक पिढ्यांच्या विणकरांनी ते कमावलं आहे, त्यात तुमचे सासरेही आले.

आपल्याच देशाने हे उलट्या बाजूने सोसलं आहे. तिसऱ्या देशांचा माल करारातल्या देशांमधून फिरवून, नुसता कागद लावून इथे कमी ड्युटीत उतरतो, अशा तक्रारी वाढल्या म्हणून २०२० मध्ये कस्टम्स कायद्यात २८डीए हे कलम आलं आणि २१ सप्टेंबर २०२० पासून त्याचे नियम लागू झाले. आता इथला आयातदार नुसतं प्रमाणपत्र दाखवून सुटत नाही. माल खरंच त्या देशात कसा बनला याची माहिती त्याच्याकडे असावी लागते. उद्या तुम्ही जपान-कोरियाहून मागाचे भाग सवलतीत आणलेत तर तुम्हालाही हे लागू होईल. इतर देशही असेच डोळे उघडे ठेवून बसलेत.

म्हणून व्यापाऱ्याला नाही सांगा. भांडू नका, तो तुमचा गिऱ्हाईक आहे. कापड विणलं कुठे, यावर नियम उभा आहे, माझ्याकडे विणलेलंच मी पाठवू शकते, असं सांगा. तो ऐकेल असं मला वाटतं, कारण त्याच पत्रात तुम्ही त्याला जास्त मोलाची गोष्ट देणार आहात. मुलाला बसवा आणि दोघं मिळून त्याला लिहा: मागच्या कंटेनरच्या घोषणेची प्रत पाठवा, त्यासाठी मागाहूनचं सेपा प्रमाणपत्र आम्ही काढतो आहोत, पुढच्या प्रत्येक खेपेला ते मालाबरोबरच येईल, भाव आहे तोच राहील, तागे पाठवू नयेत. इंग्रजी कामापुरतं जमलं तरी चालेल. पाठवण्याआधी हवं तर मला दाखवा, आणि सोबत नव्या कोडांनी केलेलं बिलही जोडा, नॅपकिनची ओळ वेगळी करून.